छाती सुजली तरी दूध नासत नाही



गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, वही मिटली की मग खरे प्रश्न निघतात. गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न मला वेगवेगळ्या गावांत ऐकायला मिळाला. "सुनेची एक छाती दगडासारखी झालीय, हात लावू देत नाही, अंगात ताप आहे. त्या बाजूचं दूध बाळाला पाजावं का? की नासलं असेल?"

आधी उत्तर सांगते, मग कारण सांगते. दूध नासलेलं नसतं. बाळाला त्या बाजूनेही पाजायचं. पाजणं एकदम थांबवलं तर आईचं दुखणं वाढू शकतं आणि बाळाचं हक्काचं दूधही कमी होतं. काही थोड्या वेळा वेगळं वागावं लागतं, त्या मी पुढे वेगळ्या सांगितल्या आहेत.

तुमच्यातल्या कितीतरी जणी माझ्या आईच्या, आजीच्या वयाच्या आहेत. माझं तर अजून लग्नही झालेलं नाही. तुम्ही म्हणाल, ही पोरगी आम्हाला काय शिकवणार! बाळंतपण तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी फक्त डॉक्टर आणि संशोधक या दुखण्याबद्दल काय सांगतात ते सोप्या भाषेत तुमच्यापर्यंत आणतेय.

हे दुखणं म्हणजे काय?

डॉक्टर याला स्तनदाह किंवा मॅस्टायटिस म्हणतात. आपण म्हणतो छाती भरून आली, गाठ धरली, दूध साचलं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हे जास्त दिसतं, पण बाळ अंगावर पीत असेपर्यंत कधीही होऊ शकतं.

छातीच्या आत द्राक्षाच्या घडासारख्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांत दूध तयार होतं आणि बारीक नळ्यांमधून बोंडापर्यंत येतं. दूध साचून राहिलं की आजूबाजूचा भाग सुजतो. सूज आली की नळ्या बाहेरून दाबल्या जातात आणि दूध आणखी अडतं. मग तो भाग लाल होतो (सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, पण हाताला गरम लागतो), ठणकतो, कडक होतो. अंग मोडून येतं, थंडी वाजते, ताप चढतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ताप आला म्हणजे आत पू झाला असं नाही. नुसत्या सुजेनेही ताप येतो. वेळेवर काळजी घेतली तर पुष्कळ जणींचं दुखणं इथेच थांबतं. दुर्लक्ष झालं किंवा बोंडाच्या भेगांमधून जंतू आत गेले तर संसर्ग होतो. तोही अंगावर काढला तर काही जणींना आत पूची गाठ, म्हणजे गळू होतं. सूज, संसर्ग, गळू अशा या पायऱ्या आहेत. आपल्याला पहिल्याच पायरीवर थांबायचंय.

दगडीचं दूध डेअरी घेत नाही, मग हे कसं चालतं?

हा प्रश्न मला एका मावशींनी विचारला आणि तो अगदी रास्त आहे. आपल्याकडे घरोघरी गाय नाहीतर म्हैस आहे. जनावराच्या कासेला दगडी झाली की कास कडक होते, दुधात गुठळ्या येतात, दूध तापवलं की फाटतं, डेअरी ते परत पाठवते. आपण हे डोळ्यांनी बघितलेलं असतं. त्यामुळे बाईच्या छातीचं तसंच झालं की तिचंही दूध खराब झालं, असं वाटणं साहजिक आहे.

दुखणं एकाच जातीचं आहे, हे खरंच. पण दूध कुठे जातं यात मोठा फरक आहे. डेअरीत शेकडो घरचं दूध एकत्र होतं, ते तासन् तास राहतं, दूर जातं, त्याचं दही-पनीर करायचं असतं. दगडीचं दूध टिकत नाही, चवीला खारट लागतं, आणि जनावराला दिलेल्या औषधाचा अंश त्यात उतरतो. म्हणून ते सगळ्यांच्या दुधात मिसळून चालत नाही.

आईचं दूध छातीतून थेट बाळाच्या तोंडात जातं. मध्ये कॅन नाही, टाकी नाही, वाट बघणं नाही. आणि ते तिच्याच बाळाला जातं. आईच्या अंगावरचे आणि बाळाच्या तोंडातले जंतू बहुतेक सारखेच असतात, कारण दोघं रात्रंदिवस एकमेकांना चिकटून असतात. त्या जंतूंशी लढायचं सामानही त्याच दुधातून बाळाला मिळतं. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या, चांगल्या बाळाला या दुधाने अपाय होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही पाजणं चालू ठेवा असंच सांगितलंय.

दुधात नेमकं काय बदलतं?

दूध बदलतं, हे मात्र खरं आहे. ते कसं बदलतं हे कळलं की भीती जाते.

दूध तयार करणाऱ्या पेशी एरवी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात, नीट सारवलेल्या कुडासारख्या. सूज आली की या कुडाला बारीक फटी पडतात. रक्तातलं मीठ त्या फटींतून दुधात उतरतं आणि दुधातली साखर कमी होते. म्हणून दूध थोडं खारट होतं. काही बाळं त्या बाजूला तोंड लावून लगेच सोडतात, रडतात. आपण म्हणतो, "बघ, बाळालासुद्धा कळलं, दूध खराब आहे." बाळाला फक्त चव वेगळी लागलेली असते. सूज उतरली की चव परत पहिल्यासारखी होते.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. जंतू दिसला की त्याला पकडायचं, मारायचं, हे त्यांचं काम. निरोगी आईच्या दुधातही त्या थोड्या असतातच. छातीला संसर्ग झाला की त्या झपाट्याने वाढतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ साली हे मोजून दाखवलं. एरवी दुधातल्या सगळ्या पेशींपैकी पांढऱ्या पेशी २ टक्क्यांपर्यंतच असतात. आई किंवा बाळ संसर्गाने आजारी असताना काही मातांच्या दुधात हेच प्रमाण ९४ टक्क्यांपर्यंत गेलं, आणि बरं झाल्यावर पुन्हा खाली आलं. (हे टक्के दुधाचे नाहीत हं, दुधातल्या पेशींचे आहेत.)

आता यातली एक गंमत बघा. आई ठणठणीत असली आणि फक्त बाळाला सर्दी-तापासारखा संसर्ग झाला असला, तरीही आईच्या दुधातले राखणदार वाढू शकतात. बाळ आजारी पडलं की दूध त्याची दखल घेतं, असं म्हणायला हरकत नाही.

याशिवाय दुधात प्रतिपिंडं असतात. आईच्या आतड्याशी किंवा श्वासाच्या वाटेशी एखादा जंतू आला की तिचं शरीर त्याच्याविरुद्ध पेशी तयार करतं. त्यातल्या काही रक्तातून छातीपर्यंत येतात आणि तिथे प्रतिपिंडं दुधात सोडतात. म्हणजे आपल्या घरातल्या, आपल्या अंगणातल्या जंतूंवरचं संरक्षण बाळाला रोज ताजं मिळतं. डब्याच्या पावडरमध्ये हे राखणदार नसतात.

चिकाची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. पूर्वी पहिला चीक पिळून टाकायचे, कारण तो पिवळा, घट्ट, वेगळा दिसायचा. आज आपल्या गटातल्या सगळ्या जणी छातीठोकपणे सांगतात की चीक पाजायचाच. चिकातही मीठ जास्त, साखर कमी आणि राखणदार भरपूर असतात. सुजलेल्या छातीतलं दूध या बाबतीत चिकाकडेच थोडं झुकलेलं असतं. चिकाबद्दल आपण मन बदललं, तसं याही दुधाबद्दल बदलायला हवं.

एका घरची गोष्ट

नाव-गाव सांगत नाही. पहिलं बाळंतपण, मुलगी माहेरी आलेली. बाळ तीन आठवड्यांचं असताना उजवी छाती सुजली. दूध नासलं म्हणून त्या बाजूला पाजणं बंद केलं. गरम विटेने शेकलं, गाठ फुटावी म्हणून जोर लावून चोळलं. सगळं प्रेमापोटीच केलं. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप चढला, तेव्हा दवाखान्यात नेलं. आत गळू झालं होतं. सुईने पू काढायला दोनदा जावं लागलं. डाव्या बाजूने पाजणं चालू होतं म्हणून बाळ व्यवस्थित राहिलं, आणि पुढे उजव्या बाजूलाही दूध परत आलं. पण ते पंधरा दिवस त्या पोरीने काय सोसलं, ते तिलाच माहीत. दुसऱ्या दिवशीच कुणी सांगितलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं.

घरी काय करायचं?

१. दोन्ही बाजूंनी पाजत राहा. बाळ मागेल तेव्हा पाजायचं, नेहमीसारखं. फार दुखत असेल तर आधी चांगल्या बाजूने सुरुवात करा, पान्हा फुटला की दुखऱ्या बाजूला घ्या.

२. बाळ त्या बाजूला पीतच नसेल तर हात स्वच्छ धुऊन, हलक्या हाताने, बाळाला लागलं असतं तेवढं दूध काढा. ते वाटी-चमच्याने बाळाला देता येतं. छाती पूर्ण रिकामी करायच्या मागे लागू नका. जास्त काढलं की शरीर आणखी दूध तयार करतं आणि सूज वाढते.

३. पाजून झाल्यावर थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा. सूज उतरायला मदत होते. ऊब दिल्यावर बरं वाटत असेल तर पाजण्याआधी थोडा वेळ कोमट फडकं चालेल. गरम वीट, तवा, चटका बसेल असा शेक नको.

४. ताप आणि ठणका असेल तर आशाताईंना किंवा सिस्टरना विचारून पॅरासिटामॉल घ्या. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते.

५. विश्रांती, पाणी आणि पोटभर जेवण. बाळंतिणीचं पाणी तोडू नका.

६. बोंडाला भेगा असतील तर पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्या.

काय करायचं नाही?

जोर लावून चोळायचं नाही. पूर्वी असं समजत की नळीत दुधाचा बोळा अडकलाय, तो दाबून बाहेर काढायचा. आता कळलंय की नळी बाहेरच्या सुजेने दाबली गेलेली असते. जोरात चोळलं की आतला नाजूक भाग आणखी दुखावतो. स्तनपानाच्या विषयात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली नव्या सूचना दिल्या, त्यांतही जोरकस मालिश आणि वारंवार दूध काढणं टाळा असंच म्हटलंय. हात फिरवायचाच तर मांजरीच्या पाठीवरून फिरवतो इतका हलका.

भेगांवर चुना, मिश्री, बाम, राख काही लावू नका. ते बाळाच्या तोंडात जातं. सुई टोचून किंवा ब्लेडने गाठ फोडू नका. घरात पडलेल्या जुन्या अँटिबायोटिक गोळ्या किंवा शेजारणीच्या गोळ्या घेऊ नका.

दृष्ट काढायची असेल तर काढा, माझी ना नाही. पण दृष्ट काढून झाली की दवाखान्याची वाटही धरा.

दवाखान्यात कधी जायचं?

घरी काळजी घेऊनही २४ तासांत उतार पडला नाही, तर थांबायचं नाही. पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी जा:

– जोराचा ताप, हुडहुडी, चक्कर, फार थकवा
– बोंडातून पू किंवा रक्त
– हाताला लागणारी, कमी न होणारी दुखरी गाठ, वरची कातडी चमकणारी
– भेगा आणि ताप दोन्ही एकदम
– बाळ नीट पीत नाही, सुस्त पडलंय, लघवी कमी झालीय

डॉक्टरांना आधी सांगा, "मी अंगावर पाजते." मग ते त्याप्रमाणे औषध देतात. या दुखण्यावर नेहमी दिली जाणारी बहुतेक अँटिबायोटिक औषधं पाजत असताना चालतात. कोर्स बहुतेक वेळा १० ते १४ दिवसांचा असतो. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका.

औषध पूर्ण झालं, ताप गेला, तरी गाठ किंवा लाली तशीच असेल तर परत दाखवा. क्वचित दुसरं गंभीर दुखणंही असंच दिसतं. ते तपासणीतच कळतं.

वेगळं वागायचं ते केव्हा?

आई एचआयव्हीसह जगत असेल तर छाती सुजलेल्या बाजूने बाळाला पाजायचं नाही, कारण अशा वेळी दुधातून विषाणू जाण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या, चांगल्या बाजूचं काय करायचं ते एआरटी केंद्रात लगेच विचारायचं. ही गोष्ट गटात चारचौघींत बोलायची नाही, त्या ताईला गाठून एकटीलाच सांगायची.

गळूचा चिरा बोंडाच्या अगदी जवळ असेल आणि बाळाचं तोंड पूला लागत असेल, तर तो बरा होईपर्यंत त्या बाजूचं दूध हाताने काढायचं आणि दुसऱ्या बाजूने पाजायचं. बाळ फार कमी दिवसांचं, कमी वजनाचं किंवा काचेच्या पेटीत असेल तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जायचं.

मुळात होऊच नये म्हणून

बाळाने नुसतं बोंड धरलं तर भेगा पडतात आणि दूधही नीट निघत नाही. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली आणि बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात, अशी पकड हवी. पहिलटकरणीला हे शेजारी बसून दाखवा. तुमच्याइतकं चांगलं कुणी शिकवणार नाही.

दुसरं कारण आपल्या कामाचं. खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीन काढणी सुरू झाली की बाळंतीण सकाळी जाते ती दुपारनंतरच येते. तोवर छाती तटतटून येते. बाळ सोबत नेता येत नसेल तर मध्ये एकदा बाळाला शेतावर आणा, नाहीतर स्वच्छ भांड्यात हाताने थोडं दूध काढा. काढलेलं दूध झाकून सावलीत ठेवलं तर साधारण चार तास राहतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. फार घट्ट ब्लाउज किंवा ब्रा घालू नका. अंगावरचं तोडायचं असेल तेव्हा एका दिवसात तोडू नका, हळूहळू कमी करा.

आपला गट काय करू शकतो?

डब्याची पावडर, दवाखाना, गाडीभाडं, बुडालेली मजुरी, हा सगळा खर्च शेवटी आपल्याच बचतीतून जातो. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी चौकशीला जाणं स्वस्त.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. त्या भेटीत छातीबद्दलही विचारा, लाजू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतरच्या त्रासावर ४२ दिवसांपर्यंत आणि आजारी बाळावर एक वर्षापर्यंत मोफत उपचार मिळतात. गाडीसाठी १०२ ला फोन करा, फारच तातडी असेल तर १०८.

पुढच्या मासिक बैठकीत तीन गोष्टी ठरवूया. एक, गटातल्या कुणाच्या घरी सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे त्याची यादी करायची आणि प्रत्येक घरासाठी एक मैत्रीण नेमायची. दोन, बाळंतिणीच्या आजारपणासाठी अंतर्गत कर्ज बैठकीची वाट न बघता देता येईल असा ठराव इतिवृत्तात लिहायचा. तीन, हा लेख मोठ्याने वाचायचा आणि त्या बैठकीला सासूबाईंना, आज्यांना आवर्जून बोलवायचं. घरात पाजावं की नाही हे पुष्कळदा त्याच ठरवतात, आणि एकदा पटलं की त्यांच्याइतकं ठामपणे दुसरं कुणी सांगत नाही.

काही शंका राहिली तर बैठकीत विचारा, किंवा मला बाजूला घेऊन विचारा. उत्तर मला आलं नाही तर सिस्टरना विचारून पुढच्या वेळी सांगेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक